पाणी साडेतेहतीस अंश, त्यात दुपारी लाईट जाते: फिश टँक थंड कसा ठेवायचा?

पाणकळा | १२ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मुक्काम अकोला, घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे (३६ × १५ × १८ इंच). वाळू-दगड वजा जाता साधारण १४० लिटर पाणी असेल. मासे: चार एंजल, डझनभर निऑन टेट्रा, पाच कोरीडोरास आणि एक सकर. हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर, वर काचेचं झाकण, एलईडी लाईट.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक होतं. आता संध्याकाळी पाण्याचं तापमान ३३.५ दाखवतंय. दुपारी तास-दीड तास लाईट जाते, कूलरही बंद. आज सहाच्या सुमारास सगळे टेट्रा वर येऊन तोंड उघडझाप करत होते. एंजल एका कोपऱ्यात, कल्ले भराभर हलताहेत.

दुकानदार म्हणाला, "बर्फ टाका ताई, काही होत नाही." मला धीर होत नाहीये. चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) बघितला तर किंमत टँक, स्टँड आणि मासे मिळूनही होत नाही एवढी. मधला काही मार्ग?

खारदांडा | १२ मे, रात्री १०:४१

बर्फ थेट टाकू नका. एक लिटरच्या बाटलीत पाणी भरून फ्रीझरला लावा आणि गोठली की बंद बाटली टँकमध्ये तरंगत सोडा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली फुटते. मी मुंबईत असंच करतो. दोन बाटल्या आलटून पालटून.

साबुदाणा | १२ मे, रात्री ११:०५

वाचतेय. माझ्याकडे काचेच्या बाऊलमध्ये दोन गोल्डफिश आहेत, मुलाच्या वाढदिवसाला आलेले. त्यांनाही हे लागू होतं का?

गप्पी मास्तर | १३ मे, सकाळी ७:१२

पाणकळा, आधी आज करायचं ते सांगतो, हिशेब नंतर.

झाकण काढा. फिल्टरखालची पाण्याची पातळी दोन बोटं कमी करा, म्हणजे धार वरून पडेल आणि पृष्ठभाग खवळेल. एअर पंप नसेल तर आजच आणा, बॅटरीवाला आणा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. खाणं निम्म्यावर आणा. टँकचा लाईट दुपारी बंद ठेवा. आणि हीटर पाण्यात असेल तर प्लग काढून ठेवा. थर्मोस्टॅट अडकला तर मे महिन्यातही तो इमाने इतबारे पाणी तापवत बसतो.

टेट्रा वर येताहेत ते मुख्यतः ऑक्सिजनसाठी. २५ अंशाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६ आणि ३५ ला जेमतेम ७. तुम्ही म्हणाल, फरक तर फार नाही. पण माशाचं शरीर बाहेरच्या पाण्याइतकंच तापतं, आणि दर १० अंशांमागे त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. फिल्टरमधल्या जिवाणूंचंही तेच. म्हणजे पुरवठा घटला आणि खाणारी तोंडं वाढली. त्यात लाईट गेली की पाणी ढवळणंही थांबलं. साडेतेहतीस अंशाला पाणी नीट खेळतं असेल तर एंजल चार दिवस काढतील. तीस अंशाला साचलेल्या पाण्यात मात्र एका रात्रीत मासे गेलेले मी पाहिलेत.

टँकमध्ये झाडं असतील तर पहाटे जास्त लक्ष ठेवा. रात्रभर झाडंही ऑक्सिजनच घेतात.

आता बाटलीचा हिशेब. एक किलो बर्फ वितळून टँकच्या पाण्याइतका होईपर्यंत साधारण ४५० किलोज्यूल उष्णता घेतो. १०० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला ४२० लागतात. म्हणजे १०० लिटरला एक लिटरची बाटली = एक अंश. तुमच्या १४० लिटरला पाऊण अंशही पुरता नाही. आणि खोली ३८ ची असेल तर काचेतून उष्णता सतत आत येतेच आहे, दीड-दोन तासांत पुन्हा होतं तिथे. तीन अंश खाली ठेवायचं म्हणजे दिवसभर फ्रीझर आणि टँक यांच्यामध्ये फेऱ्या.

खारदांडा | १३ मे, सकाळी ९:३०

मास्तर, हिशेब बरोबर असेल, पण माझे मासे जिवंत आहेत. :)

गप्पी मास्तर | १३ मे, सकाळी ९:५२

तुमच्या घरात ३३ असतं हो, त्यांच्या घरात ४०. तुमच्याकडे बाटली चालते, कारण तुम्हाला एक-दीड अंशच उतरवायचा असतो. बाटलीला माझी ना नाही. लाईट चार तास गेली तर हाताशी असावी. पण रोजचा उपाय म्हणून नको. दुपारी ३४, बाटल्या टाकून २९, रात्री विसरलो म्हणून परत ३३, या वरखालीने माशांची प्रतिकारशक्ती जाते आणि आठवड्याभरात अंगावर पांढरे ठिपके उमटतात. तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतरवू नका.

नवतपा | १३ मे, दुपारी १:१५

पाणकळा ताई, बर्फ गिर्फ सोडून द्या. मी नागपूरचा आहे, नाव बघा, नवतपा म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. आमच्याकडे पंचवीस मेपासून काय होते ते सांगायची गरज नाही. माझा चार फुटी टँक आहे आणि मी कॉम्प्युटरचे पंखे लावून राह्यलो.

कसं केलं ते सविस्तर सांगतो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून १२० मिलिमीटरचे दोन पंखे घेतले, १२ व्होल्टवाले. घरात जुन्या राऊटरचा १२ व्होल्टचा अॅडाप्टर पडून होता. पंख्यावर किती अॅम्पिअर ते लिहिलेलं असते, दोघांची बेरीज अॅडाप्टरवरच्या आकड्यापेक्षा कमी पाहिजे. लाल ते लाल, काळी ते काळी, सोल्डर करून वरून श्रिंक ट्यूब. अॅल्युमिनियमची एल पट्टी टँकच्या मागच्या काठावर टाकली, त्यावर पंखे असे तिरपे बसवले की हवा पाण्यावरून घासत पुढच्या काचेकडे जाते. खाली पाण्यात थेट मारायची नाही, नाहीतर शिंतोडे उडतात आणि पंखा आठवड्यात गंजते. पहिला पंखा माझा तसाच मेला.

वायर सॉकेटकडे जाताना मधे खाली झोल द्या. पाण्याचा थेंब वायरवरून आला तर झोलाच्या तळाशी टपकला पाहिजे, सॉकेटमध्ये नाही गेला पाहिजे. आणि २३० व्होल्टचा टेबल फॅन टँकच्या काठावर ठेवायची हुशारी कोणी करू नका बाप्पा.

खोलीत ३९ होतं काल. पाणी २९. कोणता चिलर न् कोणता बर्फ.

पाणकळा | १३ मे, दुपारी २:०२

खोलीपेक्षा दहा अंश खाली?? पंखा तर खोलीतलीच गरम हवा फेकणार ना?

गप्पी मास्तर | १३ मे, दुपारी ४:४०

होतं तसं. हवा गरम असली तरी कोरडी आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना मागच्या पाण्यातून सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे तुमच्या पाच बर्फाच्या बाटल्यांचं काम. माठातलं पाणी गार होतं तेच हे. किती खाली जाऊ शकतं हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा मिळेल, त्याखाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तोच २८. म्हणून नवतपा यांना दहा अंश मिळतात आणि खारदांडा यांना पंखा लावूनही जेमतेम दीड-दोन.

खारदांडा | १३ मे, सायं. ५:१०

अगदी. मी पंखा लावून पाहिला होता, ३२ चं ३०.५ झालं. आमच्याकडे खरा उपाय एकच, मासे निवडताना विचार करायचा. मुंबईत लोक निऑन आणि गोल्डफिश घेतात आणि मे महिन्यात रडतात. निऑन म्हणजे २५-२६ पर्यंत सुखी असणारा मासा. त्यापेक्षा डिस्कस ठेवा, रॅम सिक्लिड ठेवा, त्यांना २८ ते ३० च हवं असतं. जानेवारी सोडला तर हीटरचाही खर्च नाही. क्रॉफर्ड मार्केटात विचाराल तर प्रत्येक जण "सब चलेगा" म्हणतो, म्हणून घरून ठरवून जा.

गप्पी, मोली, गुरामी, फायटर हेही टिकतात. फायटर आणि गुरामी तर वर येऊन हवेतूनच श्वास घेतात, त्यामुळे ते वर दिसले म्हणून घाबरायचं नाही.

साबुदाणा | १३ मे, सायं. ५:३३

माझ्या गोल्डफिशचं कोणीच बोलेना. :( आज बाऊलचं सगळं पाणी बदललं, दुपारी. आता दोघं तळाशी पडून आहेत.

गप्पी मास्तर | १३ मे, सायं. ५:४८

दुपारी कुठलं पाणी घातलं? गच्चीवरच्या टाकीचं असेल तर ते ४० च्या वर असतं. काळ्या टाकीचं तर हात भाजेल असं.

आत्ता लगेच: एअर पंप असेल तर लावा, नसेल तर मगाने थोडं पाणी काढून पुन्हा पुन्हा वरून धार सोडा. बाऊल खाली जमिनीवर, घरातल्या सर्वांत गार खोलीत. खाणं बंद. बर्फ नको. नळाचं पाणी क्लोरीन न घालवता थेट घातलं असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन, बाटलीवरच्या प्रमाणात.

आणि बाऊल या प्रकाराला सुट्टी द्या. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा, २८ च्या वर त्याला त्रास होतोच, शिवाय तो घाण भरपूर करतो. वर निमुळत्या तोंडाच्या बाऊलला हवेशी संपर्क करायला जागाच नाही. त्यापेक्षा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा टब बरा. दिसायला वाईट, पण मासा जगेल.

साबुदाणा | १३ मे, रात्री ८:२०

गच्चीवरचीच टाकी. आता टबात हलवले आहेत, बाऊलमधल्याच पाण्यासकट. एक पोहायला लागलाय.

आखातवासी | १३ मे, रात्री ९:०४

दुबईत राहतो. इथे जुलैत "थंड" नळाला इतकं गरम पाणी येतं की आम्ही उन्हाळ्यात गीझर बंद करून ठेवतो आणि गरमचा नळ सोडतो. गीझरची टाकी घरात, एसीत असते, तिच्यातलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं. टँकचं पाणी बदलायला मी तेच वापरतो. गच्चीवर टाकी आणि घरात साठवणीचा गीझर असेल तर भारतातही जमेल, फक्त आदल्या रात्रीपासून बंद हवा.

चिलरबद्दल: माझ्याकडे आहे, प्रवाळांसाठी घ्यावा लागला. एक गोष्ट लोक विसरतात. चिलर म्हणजे फ्रीजच, पाण्यातली उष्णता काढून मागून खोलीत फेकतो. बंद खोलीत किंवा टँकच्या कपाटात कोंबला तर स्वतःच तापवलेली हवा पुन्हा आत ओढत बसतो. गोड्या पाण्याच्या साध्या टँकसाठी मला तो अनाठायी वाटतो. त्या पैशात खोलीला एसी लागेल आणि माणसंही गार होतील.

रांजण | १४ मे, सकाळी ६:५०

आमच्याकडे (यवतमाळ) टँकसाठी वेगळा मातीचा रांजण आहे. रात्री भरून ठेवायचा, तोंडाला फडकं. सकाळी पाणी गार झालेलं असतं आणि क्लोरीनही बरंच उडालेलं असतं. फार गार झालं तर उलटी पंचाईत, म्हणून बदलायच्या आधी दोन्हीकडे थर्मामीटर बुडवून बघते. दोन अंशांच्या आत फरक असला तरच घालते.

मनीमाऊची आई | १४ मे, सकाळी १०:१५

सगळे "झाकण काढा" म्हणताहेत. घरात मांजर आहे हो! शिवाय पाली.

नवतपा | १४ मे, सकाळी १०:४०

मच्छरदानीची जाळी लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठोका न् टँकवर ठेवून द्या. हवा जाते, मासा उडी मारून बाहेर येत नाही, पाल आत पडत नाही. मांजरासाठी जाळीवर चारी बाजूंनी क्लिप. आमच्या मांजरीले चौकटीवर बसून वारा खायची सवय लागली होती, म्हणून पंख्याच्या बाजूला खिळ्यांची पट्टी नाही, नुसता दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावला. पायाला चिकटते, परत येत नाही.

मनीमाऊची आई | १४ मे, सकाळी ११:०२

ही टेपची आयडिया ओट्यासाठीही वापरणार. :)

एक भर घालते. उन्हाळ्यात संध्याकाळी दारं-खिडक्या उघडी, म्हणून आपण डासांचं औषध लावतो. त्यातली बहुतेक पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी असतात. झाकण उघडं आणि वर पंखा म्हणजे ते सगळं पाण्यात. एअर पंप तर खोलीतली हवा ओढून थेट टँकमध्ये सोडतो. फवारणी करायची असेल तर टँक झाकून, एअर पंप बंद ठेवून आणि शक्यतो दुसऱ्याच खोलीत. त्यापेक्षा खिडक्यांना जाळी बसवलेली बरी.

गप्पी मास्तर | १४ मे, दुपारी १२:३०

मनीमाऊची आई यांनी लाखमोलाचं सांगितलं.

पंखा लावणाऱ्यांसाठी आणखी एक. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पाणकळा, तुमच्या टँकमधून रोज तीनेक लिटर उडेल. भर बोअरच्या पाण्याने घातलीत आणि बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८०० असेल, तर महिन्याच्या ९० लिटरबरोबर ७२ ग्रॅम क्षार आत येतात. म्हणजे टँकचा टीडीएस महिन्यात ५०० ने वर. काचेवर पांढरी रेघ दिसायला लागते ती हीच. म्हणून रोजची भर पिण्याच्या आरओच्या पाण्याने घाला. आरओतून जे वाया जातं ते नको, त्यात क्षार मुळापेक्षा जास्त असतात. आठवड्याचं पाणी बदलणं मात्र नेहमीच्याच पाण्याने आणि ते चुकवायचं नाही. भर घालणं आणि बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत.

टँकची मागची काच पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली असेल तर मध्ये इंचभर थर्मोकोल सरकवा. पंख्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार होणार, तेव्हा बाजूने उष्णता आत येऊ न देणं फायद्याचंच. भरलेला टँक मात्र हलवू नका, सांधे सुटतात.

पाणकळा | १७ मे, रात्री ९:४५

अहवाल देते.

पंखे लावले (भावाने लावले, मी टॉर्च धरला). पहिल्या रात्रीतच पाणी ३० वर आलं, आता दुपारी २९.५ ते ३०.५ मध्ये असतं. बॅटरीचा एअर पंप मिळाला. काल दोन तास लाईट नव्हती, टेट्रा खालीच होते. काचेवरची रोजची रेघ बघून पाणी किती उडतं ते डोळ्यांनी दिसतंय, मास्तरांचे तीन लिटर बरोबर निघाले. झाकणाऐवजी सध्या आईची जुनी जाळीची ओढणी आहे.

एक शंका: कूलर चालू असताना पाणी अर्ध्या अंशाने वर जातं आणि बंद केला की उतरतं. उलटं व्हायला हवं ना?

नवतपा | १७ मे, रात्री १०:०१

खिडकी बंद ठेवता काय कूलर चालू असताना?

पाणकळा | १७ मे, रात्री १०:०४

हो, ऊन येतं म्हणून.

नवतपा | १७ मे, रात्री १०:०९

मग तेच. कूलरची ओली हवा खोलीत कोंडून राहते, टँकवरून पाणी उडत नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडा, पडदा ओढा. तुम्हालाही चिपचिप कमी होईन.

खारदांडा | १७ मे, रात्री १०:३०

आणि जूनमध्ये पाऊस यायच्या आधीचे आठ-दहा दिवस जपा. तेव्हा तुमची हवाही आमच्यासारखी होते, ऊन तसंच आणि दमट. पंख्याचा जोर एकदम कमी होतो. बाटल्या तेव्हा कामाला येतात. (बघा, बाटली परत आली.)

कोणी कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) वापरत असेल तर: लाईट चार-पाच तास गेली की आतलं बंद पाणी कुजतं, ऑक्सिजन संपून जिवाणू मरतात. लाईट आली म्हणून तसाच सुरू केला तर ती घाण थेट टँकमध्ये. आधी ते पाणी बादलीत ओतून टाका, मग सुरू करा.

पाणकळा | १८ मे, सकाळी ८:१५

नोंदवलं. शेवटचा प्रश्न. २६ तारखेला मालवणला लग्न आहे, पाच दिवस घर बंद. रोज तीन लिटर उडणार म्हणजे परत येईपर्यंत फिल्टर कोरडा पडणार. पंखे बंद करून जाऊ का?

गप्पी मास्तर | १८ मे, सकाळी ८:४०

बंद करू नका, नवतपात घर बंद म्हणजे भट्टी. निघताना टँक काठोकाठ भरा, फिल्टरची नळी खोलवर लावा. तीन लिटरच्या पाच बाटल्या आरओचं पाणी भरून टँकशेजारी ओळीने ठेवा आणि शेजाऱ्यांना सांगा, रोज सकाळी एक ओता. मोठ्या माशांना पाच दिवस खाणं नाही मिळालं तरी काही होत नाही. खाण्याची जबाबदारी कोणाला देऊच नका, लोक प्रेमाने मूठभर टाकतात आणि या उन्हात पाणी दुसऱ्याच दिवशी नासतं.

पाणकळा | १८ मे, सकाळी ८:५२

शेजारच्या काकूंना एंजलना पोळीचे तुकडे घालायची भारी हौस आहे. नाही म्हटलं की, "अगं एवढासा तर तुकडा" म्हणतात.

मनीमाऊची आई | १८ मे, सकाळी ९:०३

काकांना किल्ली द्या.